मागे बघत बसायचं काम

पाण्यावर उभं राहायला तीन माणसं लागतात, हे मला वयाच्या पस्तिसाव्या वर्षी कळलं. एक बोट चालवणारा, एक बोटीमागे दोर धरून फळ्यांवर उभा राहणारा आणि एक नुसता बघणारा. हा तिसरा मी. मला पोहता येत नाही. धर्मांतरानंतर आमच्या घरात जन्मलेलं मी पहिलं पोर, म्हणून वडिलांनी मोठ्या आशेनं प्रबुद्ध नाव ठेवलं. पुढे मी आळेफाट्यावर औषधांचं दुकान टाकलं आणि सगळा फाटा मला 'मेडिकलभाऊ' म्हणू लागला. नावाचं एवढंच झालं.

दुकानासमोर, रस्त्यापलीकडे, गेणभाऊचं गॅरेज. ट्रकची इंजिनं खोलायची आणि जोडायची, यापलीकडे त्याला जगात काही आहे असं वाटत नसे. १९९३ साली पुण्याचे एक कारखानदार त्याच्याकडे चक्क बोट घेऊन आले. तरुणपणी परदेशात त्यांना या वॉटर-स्कीइंगच्या खेळाचं वेड लागलं होतं आणि उतारवयात ते पुरं करायला येडगाव धरणाच्या काठी ते येऊन-जाऊन राहत होते. बोटीचं इंजिन बंद पडलं होतं. गेणभाऊनं दोन दिवसांत ते सुरू केलं. तिसऱ्या दिवशी साहेबांनी खुशीत येऊन त्याच्याच पायांना फळ्या बांधल्या आणि पाण्यात उतरवलं. तो अठरा वेळा पडला, एकोणिसाव्या वेळी उभा राहिला आणि कामातून गेला.

तीन वर्षांनी साहेब कायमचे मुलाकडे परदेशी गेले. जाताना बोट गेणभाऊच्या हवाली करून म्हणाले, "चालवत राहा, नुसती उभी ठेवू नका." गेणभाऊनं ते शब्द गुरुमंत्रासारखे धरले.

बोटीची ट्रॉली ओढायला टेम्पो हवा, म्हणून राजुरीच्या चिमाजीला धरलं. त्याचा दुधाचा टेम्पो होता. बघता बघता तोही नादी लागला. एकानं बोट चालवायची, दुसऱ्यानं मागे उभं राहायचं, मग अदलाबदल. आणि मी? गेणभाऊ म्हणाला, "चालवणाऱ्यानं पुढंच बघायचं असतंय भाऊ. मागं बघायला एक माणूस लागतंय. तुमी दुकानात दिवसभर रस्त्याकडंच बघत बसताय. तुमाला सवय हाय."

हा अपमान मी गोड मानून घेतला आणि पुढची चार-पाच वर्षं दर रविवारी पहाटे उठून गेलो. बायको म्हणायची, पोहता येत नाही तो माणूस पाण्यात काय करतो? खरं सांगायचं तर मलाही ठाऊक नव्हतं.

या दोघांच्या तऱ्हा काय सांगाव्यात! आठवडाभर त्यांच्या बोलण्यात वाऱ्याशिवाय विषय नसे. वारा असला की पाणी खडबडीत होतं, म्हणून सगळं उजाडताना उरकायचं. गेणभाऊ ट्रकच्या खालून डोकं काढून समोरच्या ढाब्याचा धूर बघायचा आणि धूर सरळ वर गेला की उगाच खूश व्हायचा. चिमाजीनं पुतणीचं लग्न गुरुवारी धरायला लावलं, कारण रविवारी 'वेळ न्हाई'. एकदा आम्ही एसटीनं जुन्नरला निघालो होतो. गर्दीत दोघे वरची दांडी धरून उभे, हात ताठ, गुडघे वाकवलेले, अंग मागे टाकलेलं. कंडक्टर म्हणाला, "पावणं, पोटात दुखतंय का?"

आणि आजवर दोघांपैकी एकही जण स्वतःच्या चुकीनं पडला नाही. कधी बोटीला हिसका बसला, कधी लाट तिरकी आली. एकदा चिमाजीनं मासा आडवा आल्याचं सांगितलं.

"कोन्च्या बाजूनं आला?" गेणभाऊनं विचारलं.

"डावीकडनं."

"मग चूक त्याचीच हाय. हॉर्न तरी द्यायचा!"

गेणभाऊची बायको ठकूबाई काठावर तीन दगड मांडून चहा करायची, पाण्याकडे पाठ करून. नवरा पाण्यावरून धावतोय हे तिच्यानं बघवत नसे. "पोवायचं सोडून पाण्यावरनं चालाय लागला, देवाला तरी इचारलंय का?" असं चुलीलाच म्हणायची. भज्यांचा घाणा मात्र बोट काठाला लागायच्या बेतानं बरोबर निघायचा. म्हणजे कानानं सगळं बघत होती.

आता माझं काम. पुढे बोट चालवणारा मान न वळवता दर थोड्या वेळानं ओरडून विचारायचा, "हाय का?" मी मागे बघून सांगायचं, "हाय." पडला तर लाल फडकं वर धरायचं आणि "पडला!" म्हणून ओरडायचं. मग बघायचं, पडलेल्याचा हात वर येतो का. हात सरळ वर आला, की तो ठीक आहे, सावकाश वळायचं. हात आला नाही, तर असेल तिथून सुसाट मागे फिरायचं. साहेबांनी हा नियम गेणभाऊकडून पाठ करून घेतला होता आणि त्यानं आमच्याकडून.

१९९८ च्या हिवाळ्यात माझ्याकडून चूक झाली. त्या दिवशी चिमाजीशी निवडणुकीवरून माझी जुंपली होती. तो मधूनच विचारायचा, "हाय का?" मी त्याच्या पाठीकडे बघून भांडता भांडता म्हणायचो, "हाय." असं तीन-चारदा झालं. मग मागे बघितलं, तर दोराच्या टोकाची दांडी रिकामीच पाण्यावर उड्या मारत येत होती. गेणभाऊ पार लांब, ठिपक्याएवढा, पाण्यात हात वर करून राहिलेला.

आम्ही पोचलो तेव्हाही तो हात वरच होता. मला वाटलं, आता आई-बहिणीचा उद्धार होणार. पण तो बोटीत चढला, खांदा चोळत बसला आणि एवढंच म्हणाला, "हात दुखला राव."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मला आजही त्याची लाज वाटते.

पुढे सगळं विसकटत गेलं. १९९९ मध्ये ठकूबाई काविळीनं गेली. मूलबाळ नव्हतं. गेणभाऊनं घर बंद केलं आणि गॅरेजमध्येच खाट टाकली. २००१ च्या थंडीत चिमाजी झोपेतच गेला. दहाव्याला गेणभाऊ सगळ्यांच्या मागे उभा होता. परतताना मला म्हणाला, "आता दोनच ऱ्हायलो. दोघांत जमत न्हाई."

त्यानं माणसं शोधली, नाही असं नाही. गॅरेजमधल्या एकानं बोटीत बसल्या बसल्या उलटी केली. दुसऱ्यानं फळ्या बघून विचारलं, "यातनं मिळतं काय?" गेणभाऊनं त्याला बोटीला हात लावू दिला नाही. बोट गॅरेजच्या मागच्या भिंतीला लावून ठेवली. तरी दर शनिवारी तो इंजिन पुसायचा, दोर उलगडून पुन्हा गुंडाळायचा. मला अधूनमधून म्हणायचा, "रविवारी या की भाऊ. नुसती फिरवून आणू." मी म्हणायचो, पुढच्या रविवारी. दुकान होतं, पोरीची बारावी होती, कंबर होती. माणसाला यायचं नसलं की कारणं रांग लावून उभी राहतात.

एक रीत मात्र टिकली. संध्याकाळी मी शटर ओढून स्कूटर काढली, की रस्त्यापलीकडून गेणभाऊ हात सरळ वर करायचा, पाण्यात करायचा तसा. म्हणजे मी ठीक आहे, तुम्ही सावकाश जा. मीही हात वर करायचो आणि घरी जायचो. तेवढ्यावर मी समाधानी होतो. शेजारधर्म पाळला असं वाटायचं.

२००४ मधली गोष्ट. गुरुवार होता. स्कूटर चालू होईना. किक मारून मारून दम लागला, म्हणून मी कंबरेवर हात ठेवून उभा राहिलो आणि रस्त्यापलीकडे बघितलं. गॅरेजच्या दारात गेणभाऊ स्टुलावर बसला होता. माझ्याकडेच बघत होता. दोन्ही हात मांडीवर.

मी हात वर केला. त्याचा हात आला नाही.

मधून दोन ट्रक गेले. मी पुन्हा हात वर केला. तो तसाच. मग मला साहेबांचा नियम आठवला. स्कूटर तिथेच सोडून मी पळत रस्ता ओलांडला. एका जीपवाल्यानं ठेवणीतली शिवी हासडली.

"गेणभाऊ, काय झालं? छातीत दुखतंय का? हात उचलता येत नाही का?" मी त्याची नाडी धरली. नाडी माझ्यापेक्षा चांगली चालली होती.

"काय न्हाई झालं," तो म्हणाला. "हात नुसता उचलला न्हाई. बघावं म्हणलं, कुणाच्या ध्यानात येतंय का."

मला राग आला. "असली चेष्टा करतात का? जीव गेला असता माझा जीपखाली!"

त्यानं जमिनीवरचा पाना उचलला. मग एकदम माझ्या डोक्यात काहीतरी आलं आणि मी विचारलं, "कधीपासून उचलला नाही?"

"सोमवारपास्नं."

सोमवार, मंगळवार, बुधवार. तिन्ही दिवस मी इथूनच गेलो होतो. तिन्ही दिवस हात वर केला होता, न बघता. मी त्याच्याशेजारी जुन्या टायरवर बसलो. मला रडू आलं, आणि ते लपवायलाही जमलं नाही. तो माझ्याकडे न बघता पान्याला फडकं मारत बसला.

"तुमी रोज हात करताय, म्हणून मला वाटायचं, बघताय," तो म्हणाला.

त्या रविवारी मी दुकान उघडलं नाही. गेणभाऊनं कुठून तरी टेम्पो आणला होता. धरणावर पोचलो तेव्हा नुकतं उजाडत होतं, वारा नव्हता. ठकूबाईचे तीन दगड अजून काठावर होते. त्यानं सवयीनं दोर बोटीच्या मागे बांधला, हातात धरून जरा वेळ उभा राहिला, मग सोडून आत ठेवला. मी फुगीर जाकीट घालून माझ्या जागेवर बसलो, तोंड मागे करून. बोट निघाली. मागे नुसतं पाणी होतं, दोन्ही बाजूंना फाकत जाणारं. तरी मी बघत राहिलो, दुसरं काम मला येत नाही.

धरणाच्या मध्यावर आल्यावर पुढून आवाज आला, "हाय का?"

मी मागचं पाणी सोडलं आणि पुढे वळलो. त्याची पाठ, पिकलेले केस, कॉलरवरचा ऑइलचा डाग, स्टिअरिंगवरचे दोन्ही हात, सगळं नीट बघून घेतलं.

मग म्हणालो, "हाय."