गोडादऱ्याची सार-भुकटी

‘भुकटी’ हा शब्द आधी नीट समजून घ्यावा. जात्यातून निघते ते पीठ, खलबत्त्यातून निघते ती पूड आणि वैद्याने पुडीत बांधून दिले की तेच चूर्ण. पण एखाद्या पदार्थातले पाणी घालवून जे उरते, ज्यात पुन्हा पाणी मिसळले की तो पदार्थ परत भेटतो, ती भुकटी. ही व्याख्या कोशातली नव्हे, माझी आहे. सुरतेत मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवताना मी ती फळ्यावर लिहीत असे आणि आजवर तिच्यावर कोणी हरकत घेतलेली नाही.

नव्वदीच्या दशकात आम्ही सुरतेच्या गोडादरा भागात राहत होतो. एक लांब गॅलरी, तिच्यावर ओळीने उघडणारी दारे. लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, कारखान्यांशेजारी राहणाऱ्यांच्या खिडक्यांना धाग्यांची लव चिकटते. आज पुसावी, उद्या पुन्हा आहेच. आमच्या गॅलरीत किस्सेही असेच चिकटत गेले. त्यांतले बहुतेक त्या एका उन्हाळ्यातले आहेत आणि बहुतेकांना कांदा-लसणाचा वास येतो!

* * *

माझ्या उजव्या हाताच्या दारात सिंधूताई राहत. यजमान नामदेवराव कडोदऱ्याला लूमवर मास्तर. घर खानदेशी, बोली अहिराणी. त्या उन्हाळ्यात नामदेवरावांना विषमज्वर झाला. ताप गेला, पण जाताना भूक बरोबर घेऊन गेला. माणूस खाटेवर पडून छताकडे पाहत राही. डॉक्टर म्हणाले, “तापाला मी घालवलं. आता काहीतरी हलकं, पातळ पोटात गेलं पाहिजे. ते काम तुमचं.”

डाव्या हाताच्या दारातली सुशीला तत्पर बाई. तिने बाजारातून सूपचे तयार पाकीट आणले. सिंधूताईंनी ते उकळून वाटीत दिले. नामदेवरावांनी वाटी तोंडाला लावलीच नाही. त्यात बोट बुडवले, अंगठ्यावर घासले, डोळे बारीक करून चिकटपणा पाहिला आणि वाटी परत केली.

“हाई ते सायझिंग शे! ताण्याले लावा, माले कसाले?”

विणण्यापूर्वी ताण्याच्या धाग्यांना ताठपणा यावा म्हणून लावतात ती खळ म्हणजे सायझिंग. तिची पारख नामदेवरावांइतकी कोणाला असणार?

सुशीला दारातूनच म्हणाली, “मग प्या की, भाऊ! अंगात थोडा ताठपणा तरी येईल!”

* * *

आम्हाला हसू आले, पण सिंधूताई हसल्या नाहीत. गावाहून थोरल्या दिरांचा निरोप आला होता: ‘अखाजीला येतो. नामदेव उठत नसेल तर सगळ्यांना घेऊन जातो.’

अखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशात तिचा थाट दिवाळीहून कमी नसतो. त्या वर्षी मात्र सिंधूताई तिच्याकडे फाशीच्या तारखेकडे पाहावे तशा पाहत होत्या. त्यांची मुलगी मनीषा माझ्या वर्गात नववी पास झाली होती. गावच्या शाळेत पुढचे वर्ग नव्हते.

“बाई, एकदा गेलो की गेलो,” सिंधूताई म्हणाल्या. “पोरीची दहावी राहील अन् पाहुणे बघायला येऊ लागतील.”

“मग दिरांना तसं स्पष्ट सांगा ना!”

त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी त्यांना विमान चालवायला सांगितले होते. त्यांच्याकडे थोरल्या दिरासमोर सून बोलत नाही. डोक्यावरून पदर घ्यायचा, पान वाढायचे आणि आत जायचे. लग्नाला सतरा-अठरा वर्षे झाली होती. त्या दिरांना सिंधूताईंचा आवाज ठाऊक असेल, तर तो भिंतीपलीकडून ऐकलेला!

म्हणजे उपाय एकच उरला. अखाजीपूर्वी नामदेवरावांनी खायला हवे होते. आम्ही ठरवले, सूप घरीच करायचे आणि तेही असे, की त्याची भुकटी डब्यात तयार असावी. माणसाची इच्छा झाली रे झाली की पाच मिनिटांत वाटी हातात!

* * *

सामान घरातलेच निघाले. भाजलेली मूगडाळ, मूठभर तांदूळ, जिरे, मिरे, सुंठ, कढीपत्ता. कांदा, लसूण आणि टोमॅटोच्या चकत्या मात्र कडकडीत वाळवायला हव्या होत्या. सुरतेचे ऊन त्या कामी उदार असते. गच्चीवर चादर अंथरून आम्ही चकत्या पसरल्या.

संध्याकाळी वर जाऊन पाहतो तो कांदा चमकत होता! शेजारच्या इमारतीत जरीचे काम चाले. दुपारच्या वाऱ्याने तिथले सोनेरी कण आमच्या चादरीवर आणून टाकले होते.

सुशीला कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. “बाई, कांदा लग्नाला निघालाय!”

दुसऱ्या दिवशी नवा कांदा चिरला आणि त्यावर सुशीलेची जुनी व्हॉईलची साडी झाकली. पहिल्या कांद्याचे काय केले, हे कोणी विचारू नये. सुशीलेच्या यजमानांनी मात्र त्या रात्री भजी फार ‘श्रीमंत’ झाल्याचे सांगितले.

* * *

आता चवीचा प्रश्न. सिंधूताईंचा नियम होता, की नवा पदार्थ देवापुढे ठेवल्याशिवाय जिभेला लावायचा नाही. तो उष्टा होतो.

“मग मी चाखते,” सुशीला म्हणाली. “आम्ही बौद्ध. आमच्यात नैवेद्याची भानगड नाही.”

“तू चाखलं तरी उष्टं ते उष्टंच ना, माय!”

सबब भुकटी नुसत्या वासावर सिद्ध झाली. वासाने सगळे कळते. मीठ तेवढे कळत नाही. सिंधूताईंनी अंदाजाने मीठ घातले. त्या आत गेल्या तेव्हा सुशीलेला वाटले, मीठ राहिलेच, तिने घातले. त्या दोघी देवापाशी जागा करायला गेल्या तेव्हा मला वाटले, या गप्पिष्ट बायका मीठ हमखास विसरल्या असणार.

देव काही बोलला नाही. नामदेवराव बोलले. एक घोट घेऊन त्यांनी डोळे मिटले आणि क्षीण आवाजात मला म्हणाले, “बाई, एवढ्या उन्हात हजिऱ्यापर्यंत गेलात का? समुद्राचं पाणी आणायला?”

खारटपणा मोडायला डाळ वाढवली. डाळ वाढली म्हणून कांदा वाढला, कांद्यासाठी जिरे, जिऱ्यासाठी मिरे. बरणीत मावणारी भुकटी अशा रीतीने तेलाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात गेली आणि तोही गळ्यापर्यंत भरला!

* * *

एवढे वाढलेले सामान खलबत्त्यात कुटणे अशक्य होते. आमच्या गल्लीत हंसाबेनची घंटी होती. पिठाच्या गिरणीला तिथे घंटीच म्हणतात. हंसाबेनने पिशवी उघडली, वास घेतला आणि पिशवी परत बांधली.

“मारी घंटीमां डुंगळी-लसण नहीं दळाय, बेन!”

तिची बरीच गिऱ्हाइके कांदा-लसूण न खाणारी आणि तिच्या घरीही तो वर्ज्य. एकाच्या धान्याचा वास पुढच्याच्या पिठात उतरतो, तेव्हा तिचे म्हणणे रास्त होते. पण सिंधूताईंचा चेहरा पाहून ती विरघळली. दगडांना टाकी लावायला माणूस येणार होता. त्याच्या आदल्या संध्याकाळी, सगळी दळणे संपल्यावर, शटर अर्धे ओढून आमचे दळण झाले. टाकीने दगडाचा वरचा थरच निघतो, त्यामुळे वासही राहणार नव्हता.

पिशवी बांधून देताना हंसाबेन माझ्या कानाशी आली. “एक वाडकी मोकलजो. पण मारा घरमां कोईने कहेशो नहीं!”

मी वाटी पदराआड नेऊन दिली. दुसऱ्या दिवशी तिचे यजमान स्वतः माझ्या दारात. इकडे तिकडे पाहून हळूच म्हणाले, “बेन, पेलो मसालो थोडो मने पण... हंसाने कहेशो नहीं!”

* * *

नाव काय द्यावे, यावरही सभा झाली. मनीषा म्हणाली, “सूप पावडर.” मी म्हणाले, सार-भुकटी. वर हेही समजावून सांगितले, की सूप हा शब्द पाश्चात्त्यांकडून उसना घेण्याचे कारण नाही. वरणाच्या निवळीसाठी तो संस्कृतात फार प्राचीन काळापासून आहे, स्वयंपाक करणाऱ्याला सूपकार म्हणत, आणि...

सुशीला वाटी हातात घेऊन उभी होती. “बाई, प्राचीन काळ संपेपर्यंत हे गार होतंय!”

* * *

सुशीलेचे यजमान रेल्वे यार्डात कामाला. त्यांनी थोडी भुकटी कामावर नेली. चहाच्या टपरीवरून गरम पाणी घ्यायचे आणि त्यात ढवळायची, असा बेत. नेली मात्र तंबाखूच्या रिकाम्या डबीत!

दुपारी ते हात धुवायला गेले. तेवढ्यात त्यांच्या जोडीदाराने नेहमीच्या सवयीने डबी उघडली, चिमूट तळहातावर घेतली, चुना लावला, अंगठ्याने मनसोक्त मळली, दोनदा थापटली आणि ओठात दाबली. पुढे तो ओठ चाळवत राहिला. शेवटी त्याने विचारले,

“कुठली आहे रे ही? किक बसत नाही, पण जेवावंसं वाटतंय!”

हा किस्सा सुशीलेने गॅलरीत हावभावांसह सांगितला, तेव्हा आतून खाटेवरून हसण्याचा आवाज आला. सिंधूताई धावत आत गेल्या. नामदेवराव हसत होते. पण समोरची वाटी भरलेलीच होती.

* * *

आता शेवटचा किस्सा. हाच सगळीकडे सांगितला जातो.

अखाजीच्या आदल्या दिवशी थोरले दीर आले. धिप्पाड माणूस, पांढरे धोतर, टोपी आणि भुसावळकडून येणाऱ्या गाडीत रात्रभर उभे राहून लाल झालेले डोळे. त्यांनी भावाच्या मनगटाला हात लावला, गालाची हाडे पाहिली आणि एकच प्रश्न विचारला, “जेवतो का?”

भरलेली वाटी उशाशीच होती.

“सामान बांधा,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. म्हणूनच तो मोडता येण्यासारखा नव्हता. मनीषाने दप्तर छातीशी धरले. सिंधूताईंनी पदर कपाळावर ओढला आणि ट्रंक उघडली. सुशीला आणि मी दारात उभ्या. मी तोंड उघडले, तर सुशीलेने माझा दंड दाबला.

“आधी दोन घास खाऊन घेतो,” दीर जमिनीवर बसत म्हणाले. “भाजी नसली तरी चालंल.”

भाजी नव्हतीच. आत भाकरी थापल्याचा आवाज आला. पान आले: गरम भाकरी आणि एक कांदा. दिरांनी कांदा बुक्कीने फोडला. शेजारच्या पत्र्याच्या डब्यातली भुकटी दोन मुठी भाकरीवर घेतली, मधे खळगा केला, त्यात कच्चे तेल सोडले, बोटाने कालवले आणि पहिला घास तोंडात घातला.

खानदेशी माणूस मन लावून जेवतो, तेव्हा ते दिसते तसेच ऐकूही येते. दुसरा घास. तिसरा. कांद्याचा कर्रकन आवाज. तेलाचा ओघळ मनगटापर्यंत आला, तो त्यांनी भाकरीने टिपला. दुसरी भाकरी आली. त्यांनी पुन्हा डब्यात हात घातला.

“दादा!”

आम्ही सगळ्यांनी वळून पाहिले. नामदेवराव खाटेवर उठून बसले होते.

“दादा, माले बी ऱ्हाऊ द्या!”

“तू तं आजारी शे ना?” दीर घास चावत म्हणाले.

नामदेवरावांनी पाय खाली सोडले. भिंतीला धरत, सावकाश, ते आले आणि भावासमोर बसले. वेगळे ताट कोणी मागितले नाही, कोणी आणले नाही. त्यांनी भावाच्या पानातल्या भाकरीचा तुकडा मोडला, तेलात बुडवला आणि खाल्ला. मग दुसरा मोडला. पुढे दोघांचे हात एकमेकांना अडू लागले, तेव्हा दिरांनी हात मागे घेतला, भावाकडे पाहिले आणि आतल्या दाराकडे तोंड करून ओरडले,

“अजून दोन भाकरी टाका! हाऊ मना वाटानं बी खाई ऱ्हायना!”

दिरांच्या गेलेल्या वाट्याची भाकरी आत तव्यावर पडली. मनीषाने दप्तर खुंटीला अडकवले. अखाजीची पुरणपोळी दिरांनी सुरतेतच खाल्ली आणि तिसऱ्या दिवशी एकटेच परत गेले.

हा किस्सा सांगणारे दोन चुका करतात. पहिली चूक अशी, की सार पिऊन नामदेवराव बरे झाले. त्या साराची वाटी त्यांनी कधीही संपवली नाही; भुकटीच्या माझ्या व्याख्येला त्यांनी त्या दिवशी पाण्याचा थेंबही लागू दिला नाही! दुसरी चूक अधिक मोठी आहे. लोक म्हणतात, भुकेल्या दिरांच्या हाताला सूपचा डबा चुकून लागला आणि त्यांना ती चटणी वाटली. तसे झाले नाही. मी दारातच उभी होते. डबा एरवी फडताळात सगळ्यात वर असे. तो सिंधूताईंनी खाली काढला, झाकण उघडले, दिरांच्या उजव्या हाताशी ठेवला, त्याला टेकून तेलाची बुधली ठेवली आणि पदर सारखा करत त्या आत गेल्या.