बसम्माची गाठ

सलमा नर्सचं तोंड तिखट, पण हात हलका. शिरोळकडच्या त्या गावात जखमी माणूस आधी तिची बोलणी खायचा आणि मग पट्टी बांधून घ्यायचा. पुरानंतर उपकेंद्रात गॉज येईना, तेव्हा तिनं घरोघरी फिरून जुनी सुती लुगडी मागितली. ती उकळून, फाडून, कुकरात वाफवून ती पट्ट्या डब्यात भरायची. बायकांनी एकच अट घातली होती, मेलेल्या माणसाचं कापड जखमेला लावायचं नाही. सलमाला हसू आलं, पण कापडाची गरज होती. तिनं कबूल केलं.

सिद्धाप्पाच्या पायाला पुरात पत्रा लागलेला, त्यात साखरेचा आजार. जखमेचं काळं वर चढलं तर पाऊल कापावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्याच्या उजव्या हाताची बोटं तरुणपणीच उसाच्या चरकात गेली होती. म्हणून बायको बसम्मा सोबत यायची आणि पट्टीची शेवटची गाठ हट्टानं स्वतः मारायची. बाई डावखुरी. एरवी सलमाची गाठ बाहेरच्या घोट्यावर असायची, बसम्माची आतल्या.

मग बसम्मा तापानं गेली. काही दिवसांनी सिद्धाप्पा एकटाच लंगडत आला. काखेत इरकली लुगडं होतं.

"कुणाचं, आण्णा?"

"घरातलंच हाय."

डबा रिकामा होता. सलमाला कळायचं ते कळलं, तरी तिनं पुढं विचारलं नाही. त्याच लुगड्याची पट्टी तिनं त्याला बांधली.

दुसऱ्या दिवशी गाठ आतल्या घोट्यावर होती.

"कुणी सोडली पट्टी?" ती कडाडली.

"ती म्हंती, सलमा लई आवळून बांधती."

सलमानं वाकून गाठ निरखून पाहिली. घरात दुसरं कुणी नव्हतं, आणि याला तर एका हातानं चप्पलही धड घालता येत नव्हती. त्या दिवशी तिनं पट्टीचं टोक सुईदोऱ्यानं शिवून टाकलं. सकाळी दोरा उसवलेला, गाठ आत. आणि जखम मात्र गुलाबी, स्वच्छ, भरत चाललेली.

अखेर पाऊल वाचलं. डॉक्टर खूश झाले. सिद्धाप्पा मात्र उठेना.

"बाई, थोडी ऱ्हाऊ दे की जखम."

"येड लागलंय व्हय तुमास्नी? जावा घरला!"

आठवड्यानं तो परत आला. दुसऱ्या पायावर कोयत्याचा सरळ वार. सलमानं जखम बघितली, मग त्याचं तोंड बघितलं, आणि रागानं तिला रडूच फुटलं.

"ती यीना झाली," तो एवढंच बोलला.

आता सरकारी गॉज आला होता. तिनं तोच बांधला. पण दिवसामागून दिवस गाठ बाहेरच्याच घोट्यावर, जिथल्या तिथं. सिद्धाप्पा जेवेना, औषध घेईना. जखमेच्या कडा काळ्या पडू लागल्या, आणि डॉक्टर पुन्हा पाऊल कापायचं बोलू लागले.

सलमानं डब्याच्या तळाशी हात घातला. इरकलीची एक पट्टी उरली होती. स्वच्छ गॉजवरून तिनं ती हळूहळू, मुद्दाम सैल गुंडाळत आणली, आणि दोन्ही टोकं आतल्या घोट्याशी मोकळी सोडली.

"गाठ?" सिद्धाप्पानं विचारलं.

"गाठ बसम्माक्का मारतील," सलमा म्हणाली. "त्यांना सांगा, मी बोलावलंय."