मापुलेंगची गोल बाग

"हात मातीत असले की जीव जाग्यावर राहतो," असं मापुलेंग येता-जाता म्हणायची. ते म्हणायचा तिला अधिकार होता. नवरा खाणीत गेला तो पेटीतूनच परत आला. मागोमाग तिच्या रक्तात साखर आली, पाय सुजले, नजर अंधुक झाली. दवाखान्यातल्या बाईंनी गोळ्या दिल्या, हिरवं खा आणि चालत राहा म्हणाल्या. तेव्हा हिने दारासमोर कमरेइतक्या उंच दगडांची गोल बाग रचली. एका अंगाला आत शिरण्यापुरती खाच, मधोमध काड्यांची उभी टोपली आणि टोपलीत राख, सालं, भांडी धुतलेलं पाणी, म्हणजे ते झिरपून मातीला पोसायचं. न वाकता भाजी खुडता यायची.

शेजारच्या दिनेओने पहिली थट्टा केली. बाई, ही विहीर जमिनीच्या वर बांधलीस, आता पाण्याऐवजी पालक शेंदायचा का, म्हणाली. दोन वर्षांत त्याच दिनेओच्या दारात तशीच बाग उभी राहिली आणि डोंगरावरच्या त्या वाडीत आणखी अकरा. मापुलेंग चढण चढताना आता थांबत नव्हती.

पुलेंग तिची एकुलती लेक. आमच्याकडे आईला लेकराच्या नावानेच हाक मारतात, मापुलेंग म्हणजे पुलेंगची आई. लेक शहरात कपडे शिवायच्या कारखान्यात होती, ती फेब्रुवारीत छाती धरून घरी आली. मोठ्या दवाखान्यात नेऊन आणलं, तिथल्यांनी हात टेकले. आईने मात्र हार मानली नाही. रोज कोवळा पाला उकडून त्याचं पाणी पाजायची, मला उठवलं तसं तिलाही उठवेल म्हणायची. एका सकाळी ती पाला खुडायला बागेत गेली. ओंजळ भरली, दिसली म्हणून दोन तणं उपटली आणि घरात आली, तर पुलेंग गेलेली होती.

मग सुतकाचं काळं कापड अंगावर आलं. ते उतरेपर्यंत पिकात पाय ठेवायचा नाही, नाहीतर मरणाची सावली पानांवर पडते. तोवर शेजारणी पाणी घालतात. पण इथे लेक जात होती तेव्हा आईचे हात त्याच पाल्यावर होते. सावली आत शिरून बसली, असं बायकांनी ठरवलं, आणि त्यांत दिनेओही होती. कुणी घागरभर पाणी ओतलं नाही.

सहा महिने मापुलेंग उंबऱ्यावर बसून आपली बाग वाळताना पाहत राहिली. खायची ती नुसता पापा, म्हणजे मक्याच्या पिठाचा उकडलेला गोळा, आणि वर गोड चहा. गोळ्या डब्यातच राहिल्या. पाय पुन्हा सुजले, टाचेची जखम भरेना. दिनेओ आपल्या बागेतली भाजी शिजवून आणायची, ती दुसऱ्या दिवशी कोंबड्यांपुढे दिसायची. शेजारीण डोळ्यांदेखत खंगत चालली होती, तरी दिनेओ भाजी आणतच राहिली.

आमच्याकडे थंडी सरते त्या ऑगस्टमध्ये पीच फुलले तेव्हा कापड उतरलं. डोकं भादरलं, आंघोळ झाली, बायका जेवून गेल्या. दुसऱ्या सकाळी दिनेओ बियांची पुरचुंडी आणि कुदळ घेऊन आली. आता तू मोकळी झालीस, मी माती उकरते, तू नुसती बस, असं तिने परोपरीने विनवलं.

"आम्ही भ्यालो, बाई. चुकलं आमचं."

"पाणी घातलं असतंत तरी मी त्यातलं खाल्लं नसतं." मापुलेंगने टाचेच्या जखमेवरची माशी हाकलली. मग म्हणाली, "ती दोन तणं नसती उपटली, तर ती मला भेटली असती. दिनेओ, तिच्या उशाची खिडकी तुझ्या दाराकडे उघडते. तिने हाक मारलेली तुला ऐकू आली का गं?"

त्या सकाळी दिनेओ मका पाखडत होती. काहीतरी बारीक ऐकू आलं होतं. कोकरू असेल, असं तिला वाटलं होतं.

"नाही," दिनेओ म्हणाली. "काहीच नाही. झोपेतच गेली असेल."

मापुलेंगने श्वास सोडला. मग तिने पुरचुंडी मागून घेतली, कुदळ खांद्यावर टाकली. दिनेओ मागे निघाली, तर तिने हातानेच थांबवलं. त्या बागेत आता नाही, पेरीन ते दुसरीकडे, एवढंच म्हणाली.

वाळल्या बागेवरून मान न वळवता ती ओढ्याकडच्या खडकाळ उताराला लागली. लंगडत होती, पण थांबली नाही. दिनेओ दारात उभी राहून तिला पाहत होती. तोंडावर शालीचं टोक दाबून धरलं होतं, खरं बाहेर पडू नये म्हणून.