घागरीचा जुना सांधा

घागर फोमवर पडली होती आणि चंद्रकांतच्या हातात नुसता गळा राहिला होता.

"मॅडम, आईशप्पथ, आपटली नाय वो!" तो म्हणाला. चंद्रकांत आमच्या म्युझियममधला हँडलर, म्हणजे पेटीतून वस्तू काढून शोकेसमध्ये ठेवणारा. संगमेश्वरकडचा, इथे आखातात मुहैस्नाहच्या कामगार कॅम्पवर राहणारा. मी कॉन्झर्व्हेटर. जुनी भांडी तपासते, सांधते.

भांडं दोन्ही हातांनी बुडाखालून उचलायचं, हा पहिला नियम. ट्रेनिंगमध्ये त्याने मान डोलवली होती. पण समोर घागर दिसली आणि गावाकडे कळशी उचलतात तशी त्याने ती गळ्याला धरून उचलली. जित्याची खोड!

घागर पेरू देशातली, इंका काळातली. तिथलं सरकार माणसांना वेठीला धरायचं आणि कामावर मक्याची दारू पाजायचं. त्यासाठीच्या घागरी दूरदूरच्या मुलखांतही एकाच घाटाच्या, एकाच नक्षीच्या सापडतात. त्यावरून कळतं, हुकूम एकाच ठिकाणाहून सुटत होता. घडवणाऱ्याचं नाव मात्र कुठेच नाही.

मॅनेजर कपूर आले. "किसने उठाया?"

चंद्रकांतने हात वर केला.

"खलास. इसका वीसा कॅन्सल करो." मग माझ्याकडे वळून, "आपकी रिपोर्ट तो क्लीन है ना?"

"हो सर."

ते गेल्यावर मी तुटलेली कड पाहिली. नुकतीच तुटलेली कड स्वच्छ असते. इथे पिवळा, वाळका गोंद होता. गळा आधीच कधीतरी तुटला होता. कुणीतरी तो चिकटवून वर रंग फासला होता. असा गोंद यूव्ही टॉर्चखाली चमकतो. माल आला तेव्हा घाईत मी टॉर्च लावलाच नव्हता. रिपोर्टवर लिहिलं होतं, 'जुनी दुरुस्ती नाही'. खाली माझी सही.

खरं सांगितलं तर माझा व्हिसा जाणार. मुलीची दहावी तोंडावर. मी दोन दिवस गप्प बसले. माझी मलाच लाज वाटत होती.

तिसऱ्या दिवशी नवा रिपोर्ट लिहून कपूरांपुढे ठेवला.

"वो तो कल ही चला गया," ते म्हणाले. "अब ये पेपर क्यूं? यल्ला, जल्दी घडा जोडो. ओपनिंग है."

कागद त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकला. माझी नोकरी राहिली. घागर मी सांधली. सांधा दिसतही नाही.

महिन्याने गावाहून चंद्रकांतचा मेसेज आला : 'मॅडम, घागर जुळली काय? माझ्या हातून तुमचं नुकसान झालं, माफी असावी.'

मी 'जुळली' एवढंच लिहिलं.

हल्ली टॉर्च लावल्याशिवाय सही करत नाही.