जेसाबेलच्या खोलीतला पुरुष

आमच्या इमारतीत बातमी फुटली ती अशी की दुसऱ्या मजल्यावरच्या जेसाबेलनं खोलीत पुरुष ठेवलाय. एक नव्हे, चार-पाच. खालच्या कुवाबारा आजींनी सलग काही संध्याकाळी पुरुषांचे आवाज ऐकले, खिदळणं ऐकलं, पत्ते पिसल्याचं ऐकलं, आणि कुणीतरी भसाड्या गळ्यानं प्रेमाचं गाणं म्हटलेलंही ऐकलं. आजी वर जाऊन तक्रार करणाऱ्यांतल्या नव्हेत. त्यांनी ओफेलियाला जिन्यात गाठलं, तीनदा वाकल्या आणि म्हणाल्या, "तुमच्याकडची मुलगी हल्ली फार आनंदात असते, नाही?" जपानी माणसानं एवढं म्हणणं म्हणजे आपल्याकडे फिलिपिन्समध्ये अंगणात येऊन कमरेवर हात ठेवून शिव्या देण्यासारखंच.

सुतावरून स्वर्ग गाठण्यात ओफेलियाचा हात कोण धरणार? जेवणाचे डबे भरायच्या कारखान्यात ती आणि निम्फा एकाच पट्ट्यापाशी उभ्या असतात. भातावर खारवलेलं आंबट फळ ठेवता ठेवता ओफेलियानं पोरीला दिवस गेल्याचं सांगून टाकलं, आणि सुट्टी होईपर्यंत निम्फानं जावईसुद्धा ठरवला. विवाहित, नागोयाचा, ट्रकवाला.

संध्याकाळी दोघी आल्याची पेज घेऊन वर गेल्या. पेज हे निमित्त. जेसाबेलनं दार उघडलं. खोलीत पुरुष होता, हे खरं. राइस कुकरला टेकवून ठेवलेल्या फोनमध्ये तो पांढरा शर्ट घालून निजला होता, डोक्याशी दिवे, पायाशी फुलं. शवपेटीच्या बाजूला चार काका पत्ते खेळत होते आणि एकजण दुसऱ्याला लबाडी करतोस म्हणून हसत होता.

"माझे ताताय," जेसाबेल म्हणाली. "या ना टीता, बसा. त्यांना भेटून घ्या." आमच्यात मावशीला टीता म्हणतात.

ओफेलियाच्या हातातली पेज सांडायचीच राहिली. बापाच्या मढ्यापाशी बसलेल्या पोरीला आपण ट्रकवाला चिकटवला होता. तिनं फोनसमोर क्रूसाची खूण केली आणि निम्फाच्या दंडाला मुकाट्यानं चिमटा काढला, जणू सगळं निम्फाच बोलली होती.

तिचा बाप क्रिसान्तो सामार बेटावरच्या त्यांच्या गावी जपानहून आलेलं जुनं सामान दुरुस्त करायचा. जपानी कुकर तिकडच्या सॉकेटमध्ये लावला की विजेचा दाब सोसत नाही, फट्‌कन जळतो. मग बायका तो पिशवीत लपवून, नवऱ्याला कळायच्या आत, क्रिसान्तोकडे आणायच्या. पंखे, इस्त्र्या, शिवणयंत्रं, सगळं त्यानं उघडून पाहिलेलं. "मला जपान आतून ठाऊक आहे, बाहेरून तेवढं तू सांग," असं तो लेकीला विमानतळावर म्हणाला होता.

आणि जेसाबेल सांगायची. म्हाताऱ्यांची शुश्रूषा शिकवणाऱ्या शाळेतून परतताना रोज फोन लावायचा आणि दिवसभरात काय दिसलं ते बापापुढं ओतायचं. बस दोन मिनिटं उशिरा आली तर चालक माफी मागतो. क्रिसान्तो म्हणायचा, "आपल्याकडे वेळेवर आली तर प्रवाशांनी माफी मागावी, तयार नव्हतो म्हणून." शाळेच्या संडासात एक बटण आहे, ते दाबलं की पाणी वाहिल्याचा नुसता आवाज येतो, आतल्या बाईचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. यावर तो दोन दिवस हसला आणि तिसऱ्या दिवशी गंभीरपणे विचारता झाला, "ते यंत्र उघडून दाखवता येईल का गं?" कोपऱ्यावरचा चहावाला म्हातारा रोज सकाळी आपल्या दारापुढचं झाडतो, शेजाऱ्याच्या हद्दीत वीतभर जातो आणि थांबतो. का, तर अजिबात नाही गेलं तर माणूस कोता, फार गेलं तर शेजाऱ्याला ओशाळं वाटतं. हे ऐकून क्रिसान्तोनं हातातला पेचकस खाली ठेवला. मग म्हणाला, "ही वीत कुठल्या शाळेत शिकवतात, ते विचार."

असा हा माणूस एक पंखा उघडून बसला असताना छातीत कळ येऊन स्टुलावरून कलंडला. पंख्याची पाती शेजारी नीट लावून ठेवलेली सापडली.

आपल्याकडे परदेशातलं लेकरू येईपर्यंत मढं औषध भरून घरात ठेवतात, आणि शेजारीपाजारी पत्ते-गाण्यांनी रात्री जागवतात. आठवडा, दोन आठवडे, लागेल तेवढं. नानायनंही, म्हणजे तिच्या आईनंही, आधी तेच विचारलं, थांबायचं का. जेसाबेलची वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा त्याच आठवड्यात. चुकली तर वर्ष गेलं, आणि वर्षाबरोबर इथं राहण्याचा परवानाही धोक्यात. अर्धा तास दोघी फोनवर तारखा मोजत राहिल्या. शेवटी आईच म्हणाली, "नको येऊस. परीक्षा सोडून आलीस तर तो उठून बसेल आणि मला रागावेल." पोरीनं ऐकलं. ऐकलं, याचंच तिला सगळ्यात जास्त लागलं.

मग चुलतबहीण मायलीननं शवपेटीजवळच्या खुर्चीत फोन ठेवला आणि जेसाबेल खुर्चीतून जागरणाला बसली. मढ्याच्या घरी येणाऱ्याला घरच्यांनी निरोप द्यायचा नसतो. म्हणून तिलाही कुणी 'ठेवते' म्हणत नसे. फोन चालू तो चालूच. काका म्हणायचे, "जेसा, आज काय पाहिलंस ते सांग, क्रिसान्तो ऐकतोय." आणि ती सांगायची. तिकडे हशा व्हायचा, बिस्किटं फिरायची, कुणी गाणं धरायचं, आणि खाली कुवाबारा आजी छताकडे बघायच्या. सुतकात झाडायचं नसतं म्हणून तिनं खोली झाडली नव्हती. कोपऱ्यात केसांचे गुंते साठले होते.

परीक्षेला तिच्या वाट्याला एक म्हातारा आला. त्याला उठवून बसवायचं, तोंड पुसायचं, मोजे घालायचे, आणि प्रत्येक गोष्ट करण्याआधी 'आता मी हे करते हं' असं सांगायचं. तिनं सगळं सांगितलं, सगळं केलं. मोजा घालताना म्हातारा म्हणाला, "तुझा हात फार गरम आहे." परीक्षकांनी पैकीच्या पैकी गुण दिले. त्याच सकाळी तिकडे मामानं तातायचे बूट काढून घेतले होते. बुटांसकट पुरायचं नसतं, मेलेला फिरला की पावलांचा आवाज होतो.

पुरायच्या दिवशी दुपारी ओफेलिया आणि निम्फा सुट्टी काढून तिच्या खोलीत बसल्या. फोनमधली पेटी खाली गेली. मायलीन फोन धरून गर्दीतून वाट काढत होती, त्यामुळं कधी आभाळ दिसायचं, कधी कुणाच्या चपला. मग नानायचा चेहरा आला. "आम्ही आता बाजारात शेवया खाऊन मग घरी जातो," ती म्हणाली. "तूही कर हो तेवढं." आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिकडून फोन बंद झाला.

मढ्याच्या घरून सरळ आपल्या घरी जायचं नसतं. वाटेत कुठंतरी थांबायचं, काही खायचं. मागं लागलेला मेलेल्याचा आत्मा तिथं रेंगाळतो आणि वाट चुकतो. हे सगळ्यांना ठाऊक. पण जी आपल्याच खोलीत बसून मयताला गेली, तिनं काय करायचं?

"फोनमधून कुठं कोण येतं?" निम्फा म्हणाली.

"का नाही येणार? तुझ्या सासूचं भांडण येतं ना फोनमधून, मिंडानावहून? तेही रोज?"

"ती जिवंत आहे, बाई."

"तेच म्हणते. जिवंत असून एवढं येतं, तर मेलेल्याला काय अडचण?" ओफेलियानं निकाल दिला. "ऊठ गं पोरी, कोट घाल. कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊ, गरम पाव खाऊ, आणि मागच्या गल्लीनं परतू. तेवढ्यात तुझे ताताय तिथंच गुंततील. दुकानात बघण्यासारखं काय कमी आहे?"

जेसाबेलनं कोट घातला. तिघी निघाल्या. थंडी इतकी की तिघींच्या तोंडून वाफा निघत होत्या. दुकानाचं काचेचं दार आपोआप उघडलं, आतून नेहमीचं स्वागताचं बोलणं आलं, निम्फा आत शिरली. जेसाबेल उंबऱ्याबाहेर थांबली. दार मिटलं, पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं.

"आत ये ना, काय झालं?" ओफेलिया म्हणाली.

पोरीनं मागं वळून रस्त्याकडे पाहिलं आणि ती तशीच इमारतीच्या दिशेला चालू लागली, सरळ रस्त्यानं, हळूहळू, एखाद्या म्हाताऱ्याला बरोबर घेऊन चालावं तशी. ओफेलिया धापा टाकत मागं धावली, तिची बाही धरली.

"अगं वेडी आहेस का? अशी थेट गेलीस तर ते तुझ्या मागोमाग खोलीवर येतील."

जेसाबेलनं बाही सोडवून घेतली.

"येऊ देत की, टीता. जिवंतपणी व्हिसा मागितला तर दोनदा नाही म्हणाले त्यांना. आता कुणी विचारत नाहीये, तर तुम्ही कशाला आडव्या येताय?"