दांडिया बाजारातले डायनासोर

ऑफिसात साचलेल्या फायली निवृत्त होताना तिथेच सोडता आल्या. किस्से मात्र पाठोपाठ घरी येतात!

बडोद्यात दांडिया बाजारात आमच्या मंडळाचा हॉल आहे. तिथे दर रविवारी वैदेहीताई, माजी शिक्षिका, पाच-सहा वर्षांच्या पोरांना डायनासोर शिकवतात. मी हजेरी घेतो. मंडळाचे अध्यक्ष नानासाहेब यांनी आधीच बजावलं होतं, "दिवाळीपर्यंत बघतो. मेलेल्या जनावरांचा उपयोग पटला नाही, तर हॉल योगावाल्यांना!"

\*

ताईंनी सांगितलं, काही डायनासोर पाला खात, काही मांस. पार्थने लगेच प्लास्टिकच्या डायनासोरांची पंगत मांडली. "नॉनव्हेजवाले बाहेर!"

बाहेर एकटा दातवाला उरला. रेवाला वाईट वाटलं. तिने त्याला उचलून पंगतीत बसवलं.

"अगं, तो सगळ्यांना खाईल!"

"नाही खाणार. त्याला आज एकादशी आहे."

\*

लांबी कळावी म्हणून आम्ही खडूने अख्खा डायनासोर काढला. हॉल कमरेलाच संपला. शेपटी पायऱ्या उतरून फरसाणवाल्या जयंतीभाईंच्या दुकानापर्यंत गेली. थोड्या वेळात जयंतीभाई हजर!

"काका, पूंछडी जरा वाळी लो ने! घराक पग नथी मूकता."

गिऱ्हाईक शेपटीवर पाय ठेवेना. ताईंनी ओल्या फडक्याने ती पुसली आणि डावीकडे वळवली.

\*

मी सवयीने डायनासोरांचं रजिस्टर केलं. नाव, वजन, आहार, सध्याची स्थिती. शेवटच्या रकान्यात सगळीकडे 'मयत' लिहिलं. रेवाने ताईंना त्याचा अर्थ विचारला आणि भोकाड पसरलं.

अप्रिय गोष्टीचं ऑफिसात जे करतात तेच केलं. 'मयत' खोडून 'रजेवर' लिहिलं.

\*

दिवाळीच्या आधी नाना तपासणीला आले, तेही उशिरा. घरट्याचा खेळ रंगात होता. ताई आई, पोरं अंडी, प्रत्येकावर एक चादर.

रेवाने नानांना नीट न्याहाळलं. "उशीर केलात. बसा खाली. हलायचं नाही!"

मी हजेरीत डोकं खुपसलं. वर पाहिलं तेव्हा एक अंडं वाढलं होतं.

दहा मिनिटांनी मंडळाचे सेक्रेटरी योगावाल्या बाईंना घेऊन दारात आले. "नाना कुठे आहेत?"

मी सगळ्यांत मोठ्या अंड्याकडे बोट दाखवलं.

सेक्रेटरी वाकले. "नाना, हॉल यांना देऊन टाकू या ना?"

चादरीतून दबका आवाज आला, "शूः! मी अजून फुटलेलो नाही!"