राखेच्या रेघा

बोईसरच्या पूर्वेला एसटी सोडून दोन तास चाललं की तांबड्या घळींचा डोंगर लागतो. पावसानं मुरूम असा कोरलाय की जमीन कमी आणि खड्डे जास्त. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस, एका मे महिन्यात, मी तिथे एका सरकारी साहेबांना घेऊन गेले. म्हणजे वाट दाखवत होते शेतकरी आणि त्याची बायको. त्यांच्याच जमिनीची पाहणी होती.

घळींमधला नाचणीचा तुकडा. तो निदान दहा वर्षं कसलेला आहे हे दाखवायचं होतं, नाहीतर वनखात्याचं कुंपण पडणार होतं. शेतकऱ्याकडे एकही कागद नव्हता. म्हणून त्याची बाजू मांडायला संघटनेकडून मी होते. माहीमच्या वाडीत वाढले, पण आमच्या घरी गोष्टींच्या पुस्तकांपेक्षा चळवळीची पत्रकं जास्त. विसाव्या वर्षी मी ती स्वतः लिहू लागले होते.

वर पोहोचल्यावर साहेबांनी घाम पुसला. "इथं काय पिकतं?"

"आता? दगूड," शेतकरी म्हणाला.

साहेबांनी खिशातून माझं पत्रक काढलं आणि वाचलं, "'जिथे गवताची काडीही उगवत नाही अशा उजाड माळावर या माणसांना लोटण्यात आले आहे.' तुमचंच ना?"

"हो."

"चांगलं लिहिलंय. मग लागवड कशाची?"

मी शोषणावर बोलू लागले. शेतकऱ्याची बायको म्हणाली, "बाय, गप बस जरा. तुजा कागूद बोलला तवडा पुरं."

घळीत त्या दोघांनी आडवा दगडी ताल, म्हणजे बांध, घातला होता. वरून वाहून येणारी माती त्याच्यामागे अडायची, त्याच मातीत नाचणी व्हायची. शेतकऱ्यानं ताल पाहिला, मग बायकोकडे.

"फोडू?"

"पाऊस आला हाय तोंडावर."

"म्हनून तर इचारतो."

तिनं तालाच्या वरच्या दगडावर हात ठेवला. मग म्हणाली, "फोड. नाय तं कुनासाठी ठेवतस?"

त्यानं मधले दगड उपसले. मागची माती ढासळली आणि उभा काप उघडा पडला. तांबडा थर, बारीक काळी रेघ, पुन्हा तांबडा, पुन्हा काळी.

"हे काळं काय?"

"राबाची राख, सायब."

पेरणीआधी रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळतात, तो राब. पहिल्या पावसात आधी त्याची राख वाहून येते, मग माती. एका वर्षाला एक रेघ.

साहेब उकिडवे बसले आणि पेनाच्या टोपणानं मोजू लागले. सात भरल्या.

"खाली खना," ती म्हणाली.

शेतकऱ्यानं कोयत्यानं गुडघाभर खाली कोरलं. चौदाव्या रेघेखाली कातळ लागला. साहेबांनी वरून खाली मोजल्या, मग खालून वर. माझ्यावर विश्वास नसावा, म्हणून मला मोजायला सांगितलं नाही. वहीत लिहिलं: 'चौदा वर्षांची लागवड. राख समक्ष पाहिली.' शेतकऱ्याचा अंगठा घेतला आणि ते उतरून गेले.

राहिलं भगदाड. ते तसंच राहिलं तर पहिल्याच पावसात चौदाही वर्षं नाल्याला लागणार होती. मी चार दिवस तिथेच राहून दगड वाहिले. शेतकरी एकेक उलटापालटा करून पाहायचा आणि टाकून द्यायचा.

"हा गोल हाय. पानी आला का ह्यो पयला पलेल."

चौथ्या दिवशी माझा एक चपटा दगड त्यानं तळाला बसवला. बायको त्यावर उभी राहिली, दोनदा उड्या मारल्या आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे."